टेम्प-सात नावाची फाईल

माणसानं हुशारी किती करावी, याचं काही माप असायला पाहिजे. माझ्याजवळ ते नव्हतं. त्यापायी माझी काय शोभा झाली, ते तुम्हीच ऐका.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी टायपिस्ट होते, वय चोवीस. डॉक्टरांनी कॉम्प्युटर आणला, मी आठ दिवस तो शिकून आले, आणि मग काय विचारता? पंख्याचा वारा त्याला लागेल की मला, हेसुद्धा मीच ठरवायची. महिनाभरात मी डॉक्टरांना सांगून टाकलं, की आता पेशंटच्या कागदांची दुसरी प्रत कपाटात ठेवायची गरज नाही. सगळं मशीनमध्ये राहतं. बिचाऱ्यांनी ऐकलं.

आणि एका सकाळी काटोलच्या सुमनकाकू देशमुख मुलाला घेऊन आल्या. पाच-सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे त्यांचं पित्ताशय काढलं होतं. तेव्हा एका इंजेक्शननं त्यांना असा त्रास झाला होता, की अख्खा दवाखाना धावला होता. आता दुपारी रामदासपेठेत त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. तिथले डॉक्टर म्हणत होते, कोणतं इंजेक्शन सोसलं नाही ते लेखी आणा, त्याशिवाय मी सुई लावणार नाही. काकूंजवळचा कागद उंदरानं खाल्ला होता. आमच्या डॉक्टरांना त्रास आठवत होता, औषधाचं नाव नाही. शंका दोन औषधांवर होती, पण शंकेवर कोण सुई टोचणार?

मी मोठ्या तोऱ्यात खुर्ची पुढे ओढली.

आता विदर्भात दगड भिरकावला तर तो देशमुखालाच लागतो. मी स्वतः देशमुख. मशीनमध्ये देशमुख नावाच्या एकवीस फायली निघाल्या. एकेक उघडायची, वाचायची, बंद करायची. तासाभरात एकवीसही संपल्या, आणि त्यात सुमनकाकू नव्हत्या.

मी म्हटलं, मशीन बिघडलं. मग म्हटलं, सिस्टरनं काहीतरी बटण दाबलं असेल. सिस्टर माझ्याशी पुढे दोन दिवस बोलली नाही. डॉक्टर रागावले नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, "सुनंदाबाई, दुसरी प्रत नको, असं तुम्हीच म्हणाला होता ना?"

बाकावर बसलेल्या काकू उलट मलाच धीर देत होत्या. "भेटते वं पोरी. घाबरून नको राहू."

मला रडूच यायचं बाकी होतं.

शेवटी जरीपटक्याच्या हरीशला फोन केला. आमचं मशीन तोच बसवून गेला होता. स्कूटरवर आला, खिशातून एक फ्लॉपी काढली आणि म्हणाला, "दीदी, फाईल खोलना नहीं, सिर्फ झाँकना है." त्यानं नवा प्रोग्रॅम चालू केला. पडद्याच्या डाव्या बाजूला फायलींची नावं, उजवीकडे त्या फाईलच्या पहिल्या ओळी. बटण दाबत खाली जायचं, की आतलं आपोआप दिसायचं. नावावर जायचंच नाही.

सगळे माझ्या खुर्चीमागे गोळा झाले. डॉक्टर, सिस्टर, हरीश, काकूंचा मुलगा. शेकडो फायली सरकत होत्या. आणि मला एकदम घाम फुटला.

कारण यादीच्या शेवटी 'टेम्प-सात' नावाची फाईल होती. कोणाला संशय येऊ नये म्हणून मीच तिला ते नाव दिलं होतं. आत माझा स्थळासाठीचा बायोडाटा होता. दवाखान्याच्या वेळेत टाइप केलेला. त्यात मी स्वतःला सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष आणि गव्हाळ म्हणवून घेतलं होतं.

मी म्हटलं, ही राहू द्या, ही रिकामी आहे. डॉक्टर म्हणाले, "बघू तर खरं." हरीशनं बटण दाबलं. मी डोळे मिटले.

"भेटली वं ताई!" काकूंचा मुलगा ओरडला.

डोळे उघडले तर समोर सुमनकाकू. एस. देशमुख, वय अठ्ठावन्न, पित्ताशय काढले. खाली त्या इंजेक्शनचं नाव, ठळक. कागद छापून मुलाच्या हातात दिला, तो आईला रिक्षात घालून निघाला. संध्याकाळी निरोप आला, ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सर्वांना चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरी प्रत पुन्हा कपाटात जायला लागली.

चहा पिता पिता माझ्या डोक्यात उजेड पडला. काकूंचं पित्ताशय काढलं त्या दिवशी मी बायोडाटा संपवत असताना डॉक्टर अचानक त्यांचा कागद टाइप करायला सांगायला आले होते. घाईत मी पडद्यावरचं सगळं पुसलं आणि त्याच फाईलमध्ये काकूंचा कागद टाइप करून ठेवला. मग माझा बायोडाटा कुठे गेला? तो गेलाच. आणि पंधरा दिवसांपूर्वी बाबांनी बायोडाटा मागितला तेव्हा मी 'टेम्प-सात' छापून, सिस्टर येतेय म्हणून न बघताच घडी घालून, पाकिटात चिकटवून बाबांना दिलं होतं. बाबांनी ते वर्ध्याच्या स्थळाला पाठवलं होतं.

घरी पोचले तर बाबा दारातच, हातात वर्ध्याचं पत्र. म्हणाले, "सुनंदे, तुझं पित्ताशय केव्हा काढलं वं? मले काहून नाही सांगितलं?"

पत्रात मुलाच्या वडिलांनी लिहिलं होतं, की वय अठ्ठावन्न ही टायपातली चूक समजतो. पण आजार न लपवता इंजेक्शनाच्या नावासकट कळवणारी माणसं आजकाल मिळत नाहीत. रविवारी येतो.

रविवारी आले. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तशा मुलाच्या आई लगबगीनं उठल्या आणि माझ्या हातातून ट्रे काढून घेतला. "वजन नको उचलू वं बाई." मुलगा मिशीत हसला. त्याला मी सगळं खरं सांगितलं, आणि त्यानं मला होकार दिला.

संसार सुखाचा झाला. पित्ताशय अजून जागच्या जागी आहे. पण वर्ध्याच्या सगळ्या लग्नांत मला अजूनही बिनतेलाचं वाढतात.