मिस्त्रींना न ओळखू आलेली शेगडी

आमच्या मिस्त्रींना यंत्र दाखवावं लागत नसे, ऐकवलं तरी पुरे. रस्त्यावरून फटफटी गेली की ते बोलता बोलता थांबत, मान तिरकी करत आणि डावा हात वर करून जाहीर करत, "वळखलं!" मग कंपनी, मॉडेल, मालक, मालकाने ती कुणाकडून घेतली आणि घेताना कसा फसला, हे सगळं ओळीने यायचं. त्यातलं निम्मं खोटं असे. पण उरलेलं निम्मं इतकं खरं निघे की खोट्याबद्दल विचारायचं धाडस होत नसे. त्यांना नाव होतं आणि हजेरीपटावर ते दर महिन्याला लिहिलं जाई. ते लिहिणारा मीच होतो, तरी मलाही ते चटकन आठवत नसे. सगळा तालुका त्यांना 'वळखलं मिस्त्री' म्हणे.

नम्रपणा त्यांच्या वाटेला कधी गेला नाही. "बिलोलीपासून निलंग्यापर्यंत हापसा बंद पडला तर लोक दोघांचं नाव घेत्यात," ते सांगत, "एक देवाचं, आन् देव काय पाना घेऊन येत न्हाई." बिलोलीजवळच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीत ते वाढले होते. वडील सालदार होते. त्यांच्या सरकारी क्वार्टरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी एक बारीक खिळा नुसताच ठोकलेला होता. मी विचारलं तर म्हणाले, "खात्याचं उत्कृष्ट कामाचं प्रशस्तिपत्र मिळायचं हाय ना, त्यासाठी." खिळा ठोकून बरीच वर्षं झाली होती. दर दिवाळीला भिंतीला चुना द्यायचे तेव्हा तो खिळा काढून, पुसून, पुन्हा त्याच भोकात बसवायचे.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि नव्या संसाराला लागतं ते सगळं आमच्या खात्यालाही लागत होतं. टेबलं आली, शिक्के आले, साहेब आले. जिल्ह्याची वाटणी झाली तेव्हा हापसे दुरुस्तीची जीप आमच्या वाट्याला आली, पण तिच्या डिझेलची तरतूद जुन्याच जिल्ह्यात राहिली. ही तरतूद इकडे आणायचा पत्रव्यवहार चालू होता. तेवढ्यात दुष्काळ पडला. दुष्काळाने पत्रव्यवहार संपायची वाट पाहिली नाही. जीप ऑफिसच्या लिंबाखाली उभी राही, मिस्त्री तिच्या बॉनेटवर बसत आणि खेड्यापाड्यांतले हापसे एकेक करून बंद पडत. माणसं ऑफिसात येऊन सांगत, मी लिहून घेई. त्यांच्या चपलांवरची धूळ फरशीवर पडे ती मला खाली मान घातल्यामुळे नीट दिसे. आमच्या घरी रोज नळाला पाणी येत होतं आणि त्या काळात अंघोळ करतानाही मला कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटायचं.

आणि मग ती शेगडी आली. आमच्या खात्यातले एक साहेब बदलून गेले. त्यांच्या मेहुण्याने परदेशातून आणलेली गॅसवर चालणारी, जाळीवर मांस-भाज्या भाजायची मोठी शेगडी त्यांना नव्या गावी नेणं परवडेना. ती त्यांनी विश्रामगृहाला भेट दिली. झाकण असलेली, चाकांची, दिसायला एखाद्या लहान इंजिनासारखी. हमालांनी ती उतरवताना नेमकी कॉकला धरून उचलली, त्यामुळे गॅस सोडायचा पितळी कॉक मुळातून मोडला. पुढचं आम्ही केलं. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या खात्यात दिसेल त्याला रंग देतात. झाडांना गेरू, दगडांना चुना, लोखंडाला चंदेरी ऑइलपेंट. शेगडी लोखंडाची होती. पेंटरने तिला आतून-बाहेरून दोन हात दिले. बर्नरची भोकं बुजली. कंपनीचं नाव आणि मॉडेल कोरलेली छोटी पाटी होती ती गुळगुळीत सपाट मिळाली, म्हणून तिच्यावर काळ्या रंगाने आमच्या सामानाच्या नोंदवहीतला, म्हणजे डेडस्टॉकचा नंबर टाकला. पेंटरजवळ उभं राहून 'अक्षर जरा मोठं काढ' म्हणणारा मीच होतो.

आता शेगडी पेटेना आणि ती कुठल्या कंपनीची, हे कळेना. मुंबईच्या एका दुकानाला सुटा भाग पाठवण्याबद्दल पत्र गेलं. त्यात मॉडेलच्या जागी आम्ही डेडस्टॉक नंबर लिहिला, कारण शेगडीवर तोच होता. दुकानदाराने अदबीने कळवलं की या क्रमांकाची शेगडी जगात कुठेही बनत नाही. बदलून आलेल्या नव्या साहेबांनी त्यावर शेरा मारला, "पुन्हा विचारावे."

हे साहेब पुण्याकडचे होते, कामाला वाघ. दिल्लीहून दुष्काळाची पाहणी करायला पथक येणार होतं आणि पथकाच्या मुख्य साहेबांना भाजलेलं जेवण आवडतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग त्यांना सुचलं की भाजण्याला पाणी लागत नाही. तेव्हा शेगडी हे पाणीबचतीचं साधन ठरतं आणि तिची दुरुस्ती टंचाई निवारणात बसते. बसली! हापशाच्या दुरुस्तीला डिझेल नव्हतं, पण शेगडीच्या दुरुस्तीला दुसऱ्याच दिवशी मंजूर झालं.

मिस्त्रींना विश्रामगृहावर बोलावलं तेव्हा मी हजर होतो. त्यांनी शेगडीभोवती एक फेरी मारली. झाकण उघडून पाडलं, आवाज ऐकला. मोडक्या कॉकच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग मान तिरकी झाली, डावा हात वर जाऊ लागला, तोंडही उघडलं.

"मिस्त्री," साहेब म्हणाले, "ही शेगडी ओळखून तिचा पार्ट मिळेपर्यंत जीप तुमच्या ताब्यात. नांदेड, लातूर, कुठेही हिंडा. डिझेलची काळजी करू नका."

हात तिथेच थांबला. तो त्यांनी हळूच मानेमागे नेला आणि मान खाजवली.

"लई औघड हाय साहेब," ते म्हणाले. "वळखू येईना."

मी इतकी वर्षं त्यांच्याजवळ बसलो होतो, पण हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या तोंडाला ते बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शेगडीचा भाग शोधायला निघालो. जीपच्या मागे पाइप, पाने, ग्रीसचा डबा, साखळ्या आणि चामड्याच्या वॉशरची पिशवी. लॉगबुक भरायला मी. पहिला हापसा लागला तेव्हा मला वाटलं, सहज थांबले असतील. बायकामाणसं दोराला लागली, जमिनीखालचे रॉड एकेक करून वर आले, झिजलेला वॉशर बदलला आणि संध्याकाळी पाणी आलं. मी मात्र लॉगबुक मांडीवर घेऊन बसलो होतो. प्रयोजनाच्या रकान्यात 'शेगडीचा भाग शोधणे' असं लिहायचं होतं आणि हात धजत नव्हता.

"मिस्त्री, हे खोटं होतंय."

"खोटं कुठं हाय? शोधून राहिलो की आपण," ते हात पुसत म्हणाले. "ह्या हापशात न्हाई मिळाला. उद्या दुसऱ्यात बघू."

नांदेडलाही आम्ही खरोखर गेलो, सुरुवातीलाच. तिथल्या भंगार बाजारात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निघालेले पितळी कॉक ढिगाने पडले होते. मिस्त्रींनी एक उचलला, आट्यांवर नख फिरवलं, दुकानदाराशी मनसोक्त भांडून तो विकत घेतला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"बसेल का शेगडीला?" मी विचारलं.

"ह्यो? न्हाई बा," ते आभाळाकडे बघत म्हणाले. त्यानंतर तो शर्ट धुवायला गेला की कॉक दुसऱ्या शर्टात जाई.

गावात शिरलं की सरपंच पुढे येत. "मिस्त्री, आधी चावडीपुढचा घ्या. चहा ठेवलाय." मिस्त्री चहा आवडीने पीत, कपबशी चांगली आहे म्हणत आणि जीप नेमकी गावाच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या वस्तीतल्या हापशाकडे नेत. एकदा एक सरपंच चिडून मागोमाग आले. "अहो, गाव हिकडं हाय!" मिस्त्रींनी रॉडला कान लावला होता. "आवाज तर हिकडून येऊन राहिलाय," ते म्हणाले. चावडीपुढचाही ते करत, पण नंतर. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत आणि मला विचारायची गरज पडली नाही.

बायका त्यांना घाबरत नसत. एका ठिकाणी एक म्हातारी, नुसती हाडं राहिलेली, घागर उपडी टाकून तिच्यावर बसली आणि म्हणाली, "मिस्त्री, आज पानी न्हाई आलं तर तुलाच हापसून काढीन."

"काढ की मावशे. माझ्यातून बी हवाच यील," मिस्त्री म्हणाले, आणि पाणी आल्यावर पहिली घागर तिच्याच डोक्यावर ठेवून "वळखलं का मला?" असं मोठ्याने विचारलं. कौतुक झाल्याशिवाय ते गाव सोडत नसत. कुणी केलं नाही तर स्वतः सुरुवात करून देत.

पथकाची तारीख पुढे पुढे जात होती, तशी आमची शोधमोहीमही. पण ऑफिसात हसू सुरू झालं होतं. शिपायापासून सगळे विचारत, "काय मिस्त्री, वळखलं का?" ज्या माणसाला दिवसातून चारदा शाबासकी लागायची, तो माणूस खाली बघून म्हणायचा, "न्हाई बा, अजून न्हाई." खिशातला कॉक वरून चाचपत म्हणायचा. मला ते बघवत नसे.

शेवटी पथकाची तारीख पक्की झाली. आदल्या दिवशी सकाळी साहेबांनी मिस्त्रींना बोलावलं. या वेळी आवाज गोड होता. "आज संध्याकाळपर्यंत शेगडी पेटवा, मिस्त्री. उत्कृष्ट कामाच्या प्रशस्तिपत्रासाठी तुमचं नाव मी स्वतः पाठवतो. आणि पेटली की जीप धुऊन इकडे लावा, पाहुण्यांसाठी लागेल. नाही पेटली, तर मला दुसरा मिस्त्री बघावा लागेल."

आम्ही बाहेर आलो. अहमदपूरच्या वर, बालाघाटच्या उतारावर एक वस्ती राहिली होती. तिथल्या बायका दरीत उतरून झऱ्याचं पाणी वाटीने भरत होत्या. जीप आज गेली तर गेली, उद्या मिळणार नव्हती. मिस्त्री लिंबाखाली उभे राहिले. खिशातून कॉक काढला, तळहातावर घेऊन त्याच्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मिस्त्री, शेगडीला कितीसा वेळ लागतोय? ती करून मग..."

"मग जीप कुठली, बाबू?" ते म्हणाले. कॉक पुन्हा खिशात गेला. "चला. वर जाऊन शोधू."

वस्तीवरचा हापसा दिवे लागायच्या सुमारास चालू झाला. त्या दिवशी ते कुणालाही 'वळखलं का' म्हणाले नाहीत.

पथक आलं. मुख्य साहेबांना पोटाचा विकार होता. ते फक्त उकडलेल्या भाज्या खात. त्यासाठी एक टँकर विश्रामगृहावर वळवावा लागला. शेगडीकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. पण पथक गेल्यावर साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर मिस्त्रींना उभं केलं.

"सगळा मुलूख पालथा घातलात आणि एक शेगडी ओळखता आली नाही? मिस्त्री म्हणवता स्वतःला?"

मी उठलो. खरंच उठलो होतो. मिस्त्रींनी न बघता माझ्या पायावर पाय ठेवला आणि चांगला दाबला.

"न्हाई वळखता आली, साहेब," ते म्हणाले.

त्यांची बदली माहूरकडे झाली. शेऱ्यात लिहिलं होतं, 'तांत्रिक ज्ञान अपुरे.' तो शेरा टाइप करायला माझ्याकडेच आला.

जायच्या दिवशी सकाळी मी त्यांना एसटीला पोचवायला निघालो. बायकोमुलं आधीच गेली होती, सामान फार नव्हतं. क्वार्टरची भिंत मोकळी होती, खिळासुद्धा नव्हता. विश्रामगृहापाशी ते थांबले. "पाच मिन्टं या, बाबू."

शेगडी मागच्या व्हरांड्यात गोणपाटाखाली होती. मिस्त्रींनी माझ्या बायकोने बांधून दिलेली भाकरी काढून बाजूला ठेवली. मग खिशातून तो बारीक खिळा काढला, भिंतीतला, आणि बर्नरचं एकेक भोक त्याने टोकरून मोकळं केलं, जाळीवरचा रंगही खरवडला. चंदेरी रंगाचे पापुद्रे त्यांच्या पायावर पडत होते. मग कॉक निघाला. तो इतक्या सहज फिरत आत गेला, जणू तिथेच राहायला होता. खानसाम्याच्या सिलिंडरची नळी जोडली, काडी ओढली. भप्प आवाज झाला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळी ज्योत सरळ उभी राहिली.

मिस्त्रींनी मान तिरकी केली. ज्योतीचा आवाज ऐकला. डावा हात वर गेला, पूर्ण वर.

"वळखलं!"

मग कंपनी आली, मॉडेल आलं, ती कुठल्या देशात झाली, जुन्या साहेबांच्या मेहुण्याने ती कुणाकडून घेतली आणि घेताना कसा फसला, सगळं आलं. मी खिळा घेतला आणि पाटीवरचा माझा नंबर खरवडला. खाली कंपनीचं नाव आणि मॉडेल होतं. दोन्ही बरोबर होतं.

भाकरी आम्ही त्या परदेशी जाळीवर शेकून, तिखट लावून खाल्ली. मग त्यांनी गॅस बंद केला, कॉक काढून पुन्हा खिशात टाकला आणि गोणपाट नीट पांघरलं.

"कुणाला सांगू नका बरं, बाबू. लॉगबुकावर तुमची सही हाय." एसटीच्या पायरीवर चढता चढता ते मागे वळले. गर्दी त्यांना आत ढकलत होती. "म्हंजी... मी असेपर्यंत सांगू नका. मंग सांगा की. सांगाच!"

मिस्त्री माहूरहूनच निवृत्त झाले. प्रशस्तिपत्र मिळालं नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गावी ते वारले. मी माती द्यायला गेलो होतो. वाटेत हापसे दिसत होते, बरेचसे गंजलेले, आता गावोगाव नळ आलेत. शेगडी अजून विश्रामगृहाच्या अडगळीत आहे, आमच्या कागदावर 'नादुरुस्त' म्हणून.

ते असेपर्यंत मी गप्प बसलो. आता सांगतो. मिस्त्रींनी ती शेगडी पहिल्याच दिवशी ओळखली होती.