खोडाळ्याच्या रानातला लवकर सुटलेला हाका

पहिले महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती. भाताची झोडणी आटोपल्यावर एका सकाळी खोडाळ्याच्या रानात जनावरे मचाणाकडे पिटाळणारा शिकारीचा हाका वेळेआधी सुटला. मचाणावर कोणीही नव्हते. जनावरे निघून गेली. कारण मोटारीची धुराची नळी.

मोटार जव्हारच्या एका इनामदारांची होती. दोन माणसांची, लाल, शर्यतीच्या बांधणीची. मागे उघड्यावर आणखी दोघे बसू शकत. माझा थोरला भाऊ त्यांच्याकडे ड्रायव्हर होता, अजून कायम झाला नव्हता. मी शाळेत शिकवत असे. सुटीच्या दिवशी पेट्रोलचे डबे धरायला मागे बसत असे.

मालकांची तक्रार आवाजाबद्दल होती. मुंबईत त्यांनी शर्यतीच्या मोटारी ऐकल्या होत्या.

"ही शिवणयंत्रासारखी वाजते," ते म्हणाले. "आणि घाट चढताना दमते. पुढच्या शिकारीला मुंबईचे वकील येणार आहेत. त्यांच्यासमोर गाडी न थांबता चढली पाहिजे आणि वाजली पाहिजे. तसं झालं तर तुझी नोकरी कायम. नाहीतर तुझं सामान बांध."

दादाने सायलेन्सर उतरवला. आतल्या पडद्यांमुळे धूर अडतो आणि इंजिन गुदमरते, असे त्याचे म्हणणे होते. तांबटाकडून रुंद, सरळ नळी करून घेतली. तिचे तोंड पाड्यांवर फुंकून वाजवतात त्या तारप्याच्या कर्ण्यासारखे पसरट होते. कार्बुरेटरमधून पेट्रोल थोडे जास्त सोडले. एरवी पहिल्या गिअरमध्ये चढणारी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली. बाजारातले बैल बुजले. मालक खूश झाले.

एक दोष राहिला. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की न जळलेले पेट्रोल नळीत पेटे आणि बंदुकीसारखा बार होई.

"जोड घट्ट करतो आणि पेट्रोल कमी करतो, मालक. जाईल तो," दादा म्हणाला.

"हात लावू नकोस. गाडीत ऐकण्यासारखं तेवढंच आहे."

शिकारीची व्यवस्था नेहमीची होती. पाड्यांवरचे लोक पहाटे ढोल आणि रिकामे डबे घेऊन रानापलीकडे जाऊन बसत. शिकारी मचाणावर चढले की हवेत एक बार काढत. तो ऐकला की हाका सुरू. सूर्यमाळच्या बाजूची माणसे हे वडिलांपासून करत आली होती. त्यांच्यातल्या कोणी ती मोटार ऐकली नव्हती.

त्या सकाळी मालक स्वतः चालवत होते. शेजारी वकील. मागे दादा, मी, डबे आणि खोळीत बांधलेल्या बंदुका. मोखाड्याकडची चढण गाडीने न थांबता पार केली. वकिलांनी टोपी हातात धरली होती. दादाने माझा गुडघा दाबला.

खोडाळ्याच्या अलीकडच्या उतारावर मालकांनी पाय उचलला. बार झाला. वकील हसले, म्हणून मालकांनी पुन्हा पाय दाबून उचलला. पुन्हा बार. नंतर आणखी काही.

रानातून ढोल ऐकू आले.

"लग्न आहे का कुठे?" वकिलांनी विचारले.

वळणावर गाडीसमोरून रानडुकरे गेली, मग एक भेकर. शेवटी बिबट्या गेला. मालकांच्या मते ते तरस होते. मी शेपूट पाहिली, बिबट्याची होती. बंदुका खोळीतच होत्या.

थोड्या वेळाने हाकेवाले रस्त्यावर आले. त्यांचा म्होरक्या म्हातारा होता.

"कोणी सांगितलं रे सुरू करायला?" मालक ओरडले.

"तुमीच. बार जाला का उठा, सांगलेलं."

"आम्ही मचाणावर होतो का?"

"ता आमाला कसा दिसल, मालक? आमी पलीकडं. पयला जाला तवा उठलो. मंग दुसरा जाला, तिसरा जाला. पोरांना म्हनलो, पळा रं, सायब लई घाईत हाय." त्याने रस्त्यावरचे ठसे पाहिले. "काय पडलं का?"

वकील खाली बसून हसू लागले. मालक दादाकडे वळले.

"ती नळी उतरव. आजच. आणि तूही चालू लाग."

दादा म्हणाला, "गाडी चढली, मालक."

"चढली ना," वकील डोळे पुसत म्हणाले. "आणि नळी नको असेल तर मला द्या. माणूसही द्या. माझी गाडी मलबार हिलवर रडत चढते."

मालकांनी वकिलांकडे पाहिले, मग नळीकडे.

"नळी गाडीची आहे," ते म्हणाले. "ती कुठे जाणार नाही."

"आणि माणूस?"

"नळी कोण सांभाळणार मग?"

म्हाताऱ्याने विचारले, पुन्हा हाका घालायचा का. मालक नको म्हणाले. हाकेवाल्यांना जेवण वाढले गेले. परतताना गाडी दादाने चालवली. उतारावर त्याने पाय उचलला नाही, ब्रेक लावले.

पुढच्या शिकारीपासून हाक्याची खूण तारपा वाजवून देऊ लागले. सायलेन्सर गाडीखान्याच्या माळ्यावर राहिला. दादा त्या नोकरीत कायम झाला.