दोन सह्यांचा बगळा

अभयारण्याच्या चौकीत नियम एकच. दुर्मीळ पक्षी वहीत चढायचा, तर दोघांच्या सह्या हव्यात, आणि दोघांनीही तो पाहिलेला हवा.

म्हणून शिंपीकाका आणि त्यांचा मेहुणा दर रविवारी जोडीने जायचे. शोध एकाच पक्ष्याचा. तपकिरी बगळा. लव्हाळ्यात मान वर करून उभा राहिला की लव्हाळंच होतो.

आठ वर्षांपूर्वी मेहुण्याला तो दिसला. "दाजी, तो बघा!" काका तेव्हा चष्मा पुसत होते. तो लावेपर्यंत पुढे नुसतं गवत. चौकीत मेहुण्याने वही पुढे सरकवली. काकांनी पेनाला टोपण लावलं. "पाहिलं नाही, त्यावर सही नाही."

नोंद खोडली गेली. मेहुण्याने रविवारही सोडला आणि बोलणंही. त्याचा फोन आला की काकू स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या.

काका एकटे जात राहिले. डबा एकाचा. मनात एकच, बगळा दिसावा आणि मेहुण्याला दाखवावा.

या रविवारी दिसला. दहा हातांवर. काकांनी मोबाइलवर फोटो काढला. फोटोत नुसती लव्हाळी. मग त्यांनी फोन लावला.

"मी बोलतोय."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "दिसला?"

"उभा आहे. ये."

"आठ वर्षांनी आठवण, तीही बगळ्यापायी!"

पण तो आला. घरातल्या चपलांवर, शर्टाची बटणं वरखाली. शिंप्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. तोवर बगळा उडाला होता.

चौकीत काकांनी सही केली. पेन मेहुण्याला दिलं. त्याने ते नुसतं धरून ठेवलं.

"मी नाही पाहिला, दाजी."

"खरंय." काका कारकुनाकडे वळले. "तेव्हा यांनी पाहिला, आज मी. झाले की दोघे."

"काका, अशी बेरीज चालत नाही," कारकून म्हणाला आणि त्याने ओळ खोडली.

फाटकाशी मेहुणा थांबला. "चोच वर, पण डोळा खाली?"

"हो. खालूनच बघत होता."

"माझ्याकडेही तसाच बघत होता."

बस आली.

"पुढच्या रविवारी येतोस?"

"बघू," म्हणत तो चढला. खिडकीशी बसूनही त्याने बाहेर पाहिलं नाही.

काका परत आत गेले. फाटक बंद व्हायला अजून दोन तास होते.