व्हॉल्व्हचा आवाज

शेजाऱ्यांच्या गाडीतून आज जळक्या ऑइलचा वास आला आणि मला बाबांची जुनी गाडी आठवली.

अंबडच्या कारखान्यात, प्रेस मशिनच्या दणदणाटात उभं आयुष्य काढून बाबा निवृत्त झाले होते. गाडी ऑइल प्यायला लागली तेव्हा त्यांनी स्वतःच बॉनेट उघडलं, इंजिनातली वाफ ओढून घेणारा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह काढून पुसला आणि कानाशी धरून हलवला.

“चांगला असला की खुळखुळतो. हा जाम झालाय,” ते म्हणाले.

“बाबा, वाजतोय की!” मी शेजारीच उभी होते.

त्यांनी तो पुन्हा हलवला, मग दुसऱ्या कानाशी नेऊन हलवत राहिले. मला प्रत्येक वेळी स्वच्छ ऐकू येत होतं. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला आणि ते पायरीवर बसले.

“म्हणून तुझी आई ओरडून बोलायची होय. मला वाटायचं, चिडलीय. मग मीही बोलायचो नाही.”

आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला.

“राहू दे. आता कुणाचं ऐकायचंय?”

मी समोर असताना ते असं म्हणाले, म्हणून ते वाक्य मला फार लागलं होतं. आता नाही लागत; त्यांचं आईचंच ऐकायचं राहून गेलं होतं, हे कळतं.