टाकीत कोणी उतरायचं

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे सांगितलं की लोकांना वाटतं, आता रडकथा येणार. तसं काही नाही. विश्रांतवाडीला दोन खोल्या होत्या, पप्पांना कारखान्यात कायमची नोकरी होती, बसचा पास होता. अभ्यासाला लागतं तेवढं सगळं होतं.

एम.एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घेतलं तेव्हा आत्याने विचारलं, "म्हणजे झाडं लावायची का?" काका म्हणाले, "आमच्या वेळी हे पुस्तकातल्या शेवटच्या धड्यात असायचं, तो कधी शिकवायचेच नाहीत. आता त्याची डिग्री देतात?" पप्पांचा एकच प्रश्न होता, तो त्यांनी निकाल लागल्यावर विचारला. "यांचं ऑफिस कुठे असतं?"

याचं सरळ उत्तर आमच्या वर्गात कोणाकडेच नव्हतं. एक जण सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेला बसला, अजून बसतोय. एकीला बांधकामांच्या परवानगीसाठी अहवाल लिहायची नोकरी लागली. 'सदर जागेवर दुर्मिळ पक्षी आढळत नाहीत' असं ती एसीत बसून लिहायची. पक्षी बघायला तिला कोणी नेलं नव्हतं. मला मिळालं सांडपाण्याचं काम. मोठ्या सोसायट्यांमध्ये सांडपाणी शुद्ध करून फ्लशला आणि बागेला वापरायचा प्लँट असतो, सगळे त्याला एसटीपी म्हणतात. आमची कंपनी असे प्लँट चालवायला घ्यायची. मी दर आठवड्याला जाऊन पाण्याचे नमुने घ्यायचे, प्लँट नीट चाललाय का ते बघायचे. शिकले होते तेच काम होतं आणि मला ते आवडलं.

पप्पांना नाही आवडलं. "सांडपाणी म्हणजे गटारच ना?"

"हो."

"आजोबांनी गावातली असली कामं ठरवून सोडली. त्यापायी गाव सोडलं. आणि तू फर्स्ट क्लास घेऊन परत तिथेच?"

"मी तपासते, पप्पा. उपसत नाही."

"तो फरक तुला माहीत. लोकांना माहीत आहे का?"

मी म्हटलं, माहीत असेल. पुण्यात शिकलेले लोक आहेत.

मांजरीला उसाच्या शेतांना लागून ज्या इमारती झाल्या आहेत, त्यातली एक सोसायटी माझ्याकडे होती. प्लँट तळघरात, पार्किंगच्या मागे. सगळ्या इमारतींचं पाणी आधी एका खोल टाकीत जमतं. त्या टाकीतला पंप अडकला, म्हणून प्लँटच्या ऑपरेटरचा मला फोन आला. मी पोचले तेव्हा रॅम्पवरच कुजक्या अंड्याचा वास आला. खाली टाकीचं झाकण उघडं होतं, कमिटीचे तिघे उभे होते. त्यांनी मजूर अड्ड्यावरून दोन माणसं आणली होती. त्यातला एक कमरेला दोर बांधत होता.

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलायला अगदी अदबशीर. "बरं झालं आलात. आपल्यासमोरच होऊन जाऊ दे. सकाळपासून झाकण उघडं ठेवलंय, चुना टाकलाय. आता बघा, वासही नाही."

"वास आहे. मला वरपर्यंत आला."

"आम्हाला कसा येत नाही?"

"तुम्ही सकाळपासून इथे उभे आहात म्हणून."

विद्यापीठात आम्हाला मैल्यातून निघणाऱ्या या विषारी गॅसवर एक तास झाला होता. सर म्हणाले होते, याच्या बाबतीत नाक हा फितूर साक्षीदार. सुरुवातीला ओरडतं, मग गप्प बसतं. गॅस वाढला तर आणखी लवकर गप्प बसतं. परीक्षेत हा प्रश्न दोन मार्कांना होता आणि मला दोन्ही मिळाले होते.

दोरवाला म्हणाला, "मॅडम, पेटता कागद सोडला व्हता आत. इझला न्हाई."

"कागद विझला नाही म्हणजे आत हवा हाय, एवढंच. विष आहे का ते कागद सांगत नाही." त्याच्याशी बोलताना माझं 'आहे'चं 'हाय' झालं, ते मलाच ऐकू आलं.

"मशीन आसंल की तुमच्याकडं."

गॅस मोजायचं मशीन आमच्या कंपनीत एकच होतं आणि त्या दिवशी हिंजवडीला गेलं होतं. तसं मी सांगितलं. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"म्हणजे आपल्याकडे पुरावा काहीच नाही."

"नाही. मैला खेचणारी गाडी बोलवा, टाकी रिकामी होईल, पंप साखळीने वर ओढू. माणूस आत जाणार नाही. कायद्यानेही चालत नाही."

"फ्लशचं पाणी बंद झालंय. गाडी येईपर्यंत एवढ्या लोकांनी काय करायचं?"

"बादलीने पाणी टाकायचं."

"मॅडम, हे लोक स्वतःहून तयार आहेत. आपण तपासायला येता, आपण तपासा. उतरवायचं आम्ही बघतो."

पप्पांचं त्या फरकाबद्दलचं बोलणं मला तेव्हा आठवलं, पण तेवढ्यापुरतंच. दोरवाल्याने चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या.

मी बॅगेतून कागद काढला. "ठीक आहे. मग लिहून द्या. कंपनीने मनाई केली असताना कमिटी आपल्या जबाबदारीवर माणूस आत उतरवत आहे. खाली तिघांच्या सह्या."

सेक्रेटरींनी पेन घेतलं. मग म्हणाले, हे खरं तर अध्यक्षांनी सही करायचं. अध्यक्ष म्हणाले, मीटिंगमध्ये ठराव झाल्याशिवाय मला सही करता येणार नाही. तिसरे खजिनदार होते. ते म्हणाले, "माझा संबंध फक्त हिशोबाशी." पेन माझ्याकडे परत आलं. सेक्रेटरींनी फोन काढून गाडीवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

दोरवाल्याने दोर सोडला आणि चपला घातल्या. तो माझ्यावर चिडला होता. "तुमच्यामुळं दिवस फुकट गेला आमचा."

"गेला," मी म्हटलं. काम झालं नाही म्हणून कमिटीने त्यांना काही दिलं नाही. मजुरी तरी द्या, असं मी सांगून पाहिलं, तर खजिनदार म्हणाले, "हिशोबात बसत नाही." दोघे मोटरसायकलवर बसून रॅम्पने वर गेले.

दुपारनंतर गाडी आली. टाकी उपसल्यावर पंप वर ओढला, तर त्याला ओले वाइप्स आणि एक आख्खा टॉवेल गुंडाळलेला. टॉवेल कोणाचा, यावर कमिटीत चर्चा सुरू झाली. मी निघाले. टाकीत त्या दिवशी माणूस मरण्याइतका गॅस होता का, हे मला माहीत नाही. आता कळणारही नाही.

महिनाअखेर सोसायटीने करार मोडला. आमचे साहेब म्हणाले, "तू बरोबर होतीस, पण हे तू मला आधी फोन करून करायला हवं होतंस." मी म्हटलं, "तुम्ही काय सांगितलं असतं?" त्यांनी चहा मागवला.

पप्पांना मी पंप काढला त्याच दिवशी संध्याकाळी सगळं सांगितलं होतं, करार जाईल हेही. ते जेवायचे थांबून ऐकत होते.

"मग उतरलं कोण?"

"कोणीच नाही."

"ती दोघं घरी गेली?"

"गेली."

त्यांनी भाकरी मोडली. मग मशीन एकच का आहे, असं विचारलं. मी सांगितलं की ते महाग असतं. "साहेबाला दुसरं घ्यायला सांग," पप्पा म्हणाले. "नाही म्हणाला तर तसं लिहून माग."

साहेबांनी दुसरं मशीन घेतलं. नवीन सोसायटी मिळाली ती वाघोलीची. तिथे पहिल्याच आठवड्यात मी टाकीच्या झाकणाला कुलूप लावून घेतलं. किल्ली कोणाकडे राहणार यावर त्यांच्या दोन मीटिंगा झाल्या. जबाबदारी घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून ती माझ्याकडे असते.