भुऱ्या गायीचं भांडण, शिक्क्यासह

ओश शहरातल्या नोंदणी कचेरीसमोर अनारकानचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर, चहाची किटली आणि लाल दोऱ्याचं रीळ. परदेशी गेलेल्या निम्म्या ओशची लग्नं आणि जन्मतारखा तिच्याच हातून इंग्रजीत गेल्या. भाषांतर झालं की पानं ती स्वतः सुईदोऱ्यानं शिवते, गाठीवर कागदाची चकती चिकटवते आणि शेजारच्या नोटरीकडे शिक्क्याला नेते. सत्तावीस वर्षांत आपण स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे केला नाही, हे ती येईल त्याला ऐकवते, त्यानं विचारलेलं नसलं तरी.

"एजे, वय दोन वर्षांनी कमी लिहा ना," असं कुणी तिला थोरली बहीण करून लाडात आलं तर ती चष्म्यावरून बघते. "जन्म मी दिला नाही, बाळा. आईला सांग, पुन्हा एकदा घाल म्हणावं जन्माला."

गावाची सगळी बिंगं पोटात असून ती बाहेर चकार शब्द काढत नाही. स्वतःच्या घराबद्दलही कमीच बोलते. नवऱ्याचा उल्लेख 'आमचे म्हातारे', बस. छत्तीस वर्षांत त्यांचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेतच नाहीत, सासऱ्याचं तर नाहीच.

एका शुक्रवारी मीरिम आली, रडवेली. मागे सासू, बातमा, सूर्यफुलाच्या बिया फोडत. मीरिमचा नवरा एर्मेक कॅनडात वेल्डिंग करतो. तिनं तिकडे जावं म्हणून तीन वर्षं अर्ज चालला होता, आणि आता पत्र आलं होतं.

अनारकाननं वाचून सांगितलं, "साहेब म्हणतोय, तुमच्या फोनवरच्या निरोपांची दोनशे पानं वाचली. त्यांत गवत आहे, वासरू आहे, 'जेवलात का' तर शेकड्यानं आहे. पण हे सगळं लिहिलंय कुणाला, ते कुठंच नाही. सोमवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर अर्ज बंद."

"'अहो' लिहिलंय की, एजे!"

"'अहो' मी आमच्या म्हाताऱ्यांनाही म्हणते. त्यांना पाठवू का कॅनडाला?"

"मग काय नवऱ्याचं नाव लिहायचं?" बातमानं एक टरफल थुंकलं. "आमच्या घरची सून आहे ती."

अनारकाननं मीरिमचा फोन ओढून घेतला आणि निरोप खालीवर केले. मार्चमधले पाच दिवस पूर्वी छापून आणलेल्या पानांत नव्हतेच. ते उघडताच मीरिमचा चेहरा पांढरा पडला. "ते नको, एजे," ती पुटपुटली. अनारकाननं दोन ओळी वाचल्या आणि तिचे डोळे लकाकले.

"बातमा, कोपऱ्यावर तंदूरमधून समसे आत्ताच निघालेत. गार व्हायच्या आत आण बघू."

सासू गेल्यावर तिनं पुढचं वाचलं. मीरिमला माहेरून आलेली भुरी गाय एर्मेकनं तिकडे बसून, मित्राकरवी, परस्पर विकून टाकली होती. जुनी मोटार घ्यायला! त्यावर मीरिमनं अकरा निरोप पाठवले होते आणि पहिल्याचीच सुरुवात होती, "कालीबेकच्या पोरा एर्मेक, मुडद्या!" नवऱ्याचं नाव चार वेळा. सहा वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्याचंही चार वेळा.

"पोरी, हे लपवून ठेवलंस? खोटं लग्न लावलेली बाई असं भांडेल का? आणि नाव बघ, पासपोर्टवर आहे तस्सं, बापासकट!"

"अपा मला घरात घेणार नाहीत." मीरिमनं सासू गेली त्या दाराकडे पाहिलं.

"तुला घर कुठलं हवंय? इथलं की तिथलं?"

मीरिमनं बराच वेळ ओढणीचं टोक चावलं. "पानं शिवा," ती म्हणाली.

'मुडद्या'साठी तितकाच जहाल इंग्रजी शब्द शोधण्यात अनारकाननं पाव तास घालवला. सौम्य करण्याचा मोह झाला, पण सत्तावीस वर्षांची अब्रू होती.

नोटरी एसेनबेक पूर्वी फौजेत होता. कागद मनात वाचणं त्याला जमत नाही. बातमा समसा खात मागे उभी, आणि त्यानं परेडच्या आवाजात सुरू केलं, "कालीबेकच्या पोरा एर्मेक, मुडद्या! माझी भुरी गाय विकताना..."

मीरिमनं डोळे मिटले. बातमानं घास कसाबसा गिळला.

"विकली? भुरी विकली? मला म्हणाला, पोट फुगून मेली! मी दोन दिवस रडले तिच्यासाठी!" पुढची पाच मिनिटं ती पोटच्या पोराबद्दल जे बोलली, त्यावर कुठलाही नोटरी शिक्का मारणार नाही.

मग तिचाही जबाब हवा होता, की हा फोन नंबर माझ्या मुलाचाच.

"मुलाच्या वडिलांचं नाव?" एसेनबेकनं विचारलं.

"त्याचे वडील."

"नाव, आजी."

"आमच्या मोठ्या दिरांचे धाकटे भाऊ."

"तोंडानं सांगावं लागतं. नियम आहे."

अनारकानला नाव ठाऊक होतं, तिनंच तर ते इंग्रजीत लिहिलं होतं. पण ती लाल दोरा उलगडत राहिली. बातमानं सुनेकडे पाहिलं. "हिनं चार वेळा घेतलं, तरी आभाळ जागेवर आहे," ती म्हणाली आणि अगदी हळू बोलली, "कालीबेक."

"मोठ्यानं."

"कालीबेक!"

ती दाराकडे बघत राहिली. "एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणाली. "आधी मारली असती हाक, तर वळून बघितलं असतं त्यांनी." आणि रडली. समशातला कांदा तिखट आहे, असंही म्हणाली. दोरा ओवताना अनारकानला सुईचं भोक दिसेना.

सात आठवड्यांनी व्हिसा आला. निरोप देताना बातमानं सुनेला बजावलं, "त्याला नावानंच हाक मार. आणि आधी गायीचं विचार."

पण त्या जबाबाच्या शुक्रवारी संध्याकाळी अनारकान घरी आली, तेव्हा म्हातारे पाठमोरे उभे राहून टोमॅटोला पाणी घालत होते. ती फाटकातच थांबली. दोनदा तोंड उघडून मिटलं.

"तुर्गुनबाय!"

झारी खाली पडली. म्हातारे गर्रकन वळले, घाबरून पांढरेफटक. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही," अनारकान म्हणाली. "वळता का, बघत होते."