स्मृतिदालनातली फेसशिल्ड

कोरोनात रुग्णांची सेवा करता करता गेलेल्यांसाठी आमच्या गावात स्मृतिदालन झालं, ते वाचनालयाच्या वरच्या खोलीत. तिथं वाचायला कुणी फिरकत नव्हतंच. समितीचे अध्यक्ष माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या ताईंची एखादी वस्तू द्या. जरा हृदयस्पर्शी बघा."

ताई, माझी थोरली बहीण, सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवरा गेल्यापासून ती माझ्याकडेच राहायची आणि माझ्या वरणाला रोज नावं ठेवायची. कोरोनाच्या वॉर्डात त्या पांढऱ्या पोशाखात सगळ्याच नर्सा सारख्या दिसत. पुसेगावकडच्या तांड्यावरची एक म्हातारी तर तिला अंगाला हात लावू देईना. "बाई हायस का कोण हायस? कपाळ बी दिसून न्हाई राहिलं तुझं!" ताईनं तिच्यासमोरच लाल स्केचपेन घेतला आणि तोंडावरच्या फेसशिल्डवर, कपाळाच्या जागी, ठसठशीत टिकली काढली. म्हातारीनं मुकाट्यानं सुई टोचून घेतली.

"इतक्या वर्षांनी टिकली लावली बघ," ताई दवाखान्यातून फोनवर हसत होती, "ती बी प्लास्टिकला!" पुढं रोज तीच फेसशिल्ड घालायची. ताई गेल्यावर दवाखान्यातून तिची पिशवी आली, त्यात ती फेसशिल्ड होती. मला द्यायची नव्हती, पण चार लोक बघतील म्हणून दिली.

उद्घाटनाला पाहुणे यायचे तेव्हाच आले, म्हणजे उशिरा, आणि साथीपेक्षा स्वतःच्या कार्यावर जास्त बोलले. गेलेल्यांचे फोटो वहीएवढे, पाहुण्यांचा फ्लेक्स भिंतभर. मी कपाटापाशी गेले. काचेमागं फेसशिल्ड लखलखत होती. टिकली नव्हती.

"टिकली कुठं गेली?" मी अध्यक्षांना विचारलं.

त्यांनी आवाज खाली आणला. "आमीच पुसून घेतली, वहिनी. स्पिरिटनं. त्या विधवा होत्या ना, लोक काय म्हणतील? निर्धास्त राहा, डाग बी राहिला न्हाई."

माणूस वाईट नाही. ताईची अब्रू राखली याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला माझ्या सत्कारासाठी आणलेली त्यांच्या हातातली शाल त्यांच्याच तोंडावर फेकावीशी वाटली. फेकली नाही, घेतलीही नाही.

नवरा गेला तेव्हा बायकांनी ताईचं कुंकू पुसलं होतं. पण पुसताना त्या रडत तरी होत्या.